बास म्हणजे पुरे नव्हे!

मराठी घरात 'बास' हा शब्द निघतो तो ताटात नको असताना तिसरी पोळी पडली की, नाहीतर पोरांचा दंगा हाताबाहेर गेला की. त्यामुळे बंगळूरला नोकरीला लागलेल्या चिरंजीवांनी फोनवर 'आई, मी बास घेतोय' असं जाहीर केलं, तर पलीकडे क्षणभर शांतता पसरते. मग खुलासा होतो. बास म्हणजे बास गिटार. पुढचा प्रश्न व्यवहाराचा. 'तारा किती रे तिला?' 'चार.' 'अरे, मग सहा तारांची साधी गिटार निम्म्या पैशांत येते की! दोन तारा कमी आणि पैसे जास्त, हा कुठला हिशेब?'

आईचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. बंगळूरात बास गिटार आणि तिचा अ‍ॅम्प्लिफायर यांची खरेदी-विक्री करणारी मंडळी रात्र-रात्र जागून ज्यावर वाद घालतात, त्या सगळ्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. या चार तारांना एवढं मोल कशाचं?

तबलजीने मैफलीत डावा हात मांडीवर ठेवला आणि एकट्या उजव्या हाताने ठेका धरला, तर काय चुकतंय हे प्रत्येकाला सांगता येणार नाही. पण काहीतरी चुकतंय हे शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही कळेल. डग्गा गेला की गाण्याच्या पायाखालची जमीन जाते. रॉक, जाझ किंवा सिनेमाच्या वाद्यवृंदात डग्ग्याचं आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचं काम मिळून एकटी बास गिटार करते. ताल आणि सूर यांच्या मधली ती खुंटी. साध्या गिटारच्या खालच्या चार तारा घ्याव्यात आणि त्या बरोबर एक सप्तक खाली उतरवाव्यात, की बास तयार. तिची सगळ्यांत जाड तार सेकंदाला जेमतेम 41 वेळा थरथरते. या स्वराची एक लाट हवेत सव्वाआठ मीटर लांब असते, म्हणजे नेहमीच्या फ्लॅटच्या दिवाणखान्यापेक्षाही लांब. म्हणून तर तो स्वर भिंत ओलांडून शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जातो आणि तिथली भांडी वाजवतो.

गंमत म्हणजे हे वाद्य ज्याने बाजारात रुजवलं, त्याला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातला लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्या काळी खर्जाचं काम माणसाच्या उंचीच्या डबल बासकडे असे. ती गाडीत मावत नसे, ड्रम आणि ट्रम्पेटच्या गदारोळात ऐकूही येत नसे. फेंडरने 1951 साली गळ्यात अडकवता येईल अशी विजेवर चालणारी बास काढली. बोट नेमकं पडावं म्हणून तिला सतारीसारखे पडदे दिले आणि नाव ठेवलं 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी 'बासमन' नावाचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. तो पुढे बासवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनीच उचलला आणि लंडनच्या जिम मार्शलने त्याच्याच नमुन्यावरून आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर घडवला. बासवाल्याच्या ताटातलं गिटारवाल्याने पळवायचं, ही रीत तेव्हापासूनची!

आपल्याकडे हे वाद्य घराघरांत पोचलं ते सिनेमामुळे, फक्त ते कुणाच्या लक्षात आलं नाही. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बास वाजवत. मद्रासला इळयराजांच्या गाण्यांत शशिधरन यांची बास गाण्याच्या चालीला समांतर अशी दुसरी चालच गात असे. 'सदमा' या 1983 च्या हिंदी चित्रपटामुळे इळयराजांचं संगीत मराठी घरांतही पोचलं. ए. आर. रहमान यांच्या गाण्यांतले कीथ पीटर्स हेही याच पंक्तीतले. ही नावं आपल्याला ठाऊक नसतात, कारण कॅसेटच्या वेष्टनावर ती क्वचितच छापलेली असत. आजही मोबाइलच्या टीचभर स्पीकरवर गाणं ऐकणाऱ्याला यांनी काय केलं ते ऐकूच येत नाही. तेवढा खाली तो स्पीकर उतरतच नाही.

छावणीपासून पॅलेस मैदानापर्यंत

पण बंगळूरच का? मुंबई-गोव्याला हे वेड असेल तर नवल नाही. बंगळूरचं उत्तर मात्र 1809 पर्यंत मागे जातं. त्या वर्षी इंग्रजांनी इथे लष्करी छावणी वसवली. छावणीबरोबर बँड आले, चर्चची गायकवृंदं आली, क्लबातले नाच आले. फ्रेझर टाउन, कॉक्स टाउन या वस्त्यांतून पियानो आणि गिटार ही घरातली वाद्यं झाली. पुढे शहरात महाविद्यालयं वाढली, मग संगणकाच्या कंपन्या आल्या आणि खिशात पगार असलेल्या तरुणांची फौज तयार झाली. 'थर्मल अँड अ क्वार्टर' हा इथला गाजलेला बँड 1996 चा. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास होणारा, तिकीट न लावता कुठल्याही बँडला मंच देणारा 'फ्रीडम जॅम'ही त्याच वर्षीचा. 2002 साली पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स इथे येऊन वाजवून गेला. 17 मार्च 2007 रोजी पॅलेस मैदानावर आयर्न मेडन उभा राहिला. वॉटर्स बास वाजवतो, आणि आयर्न मेडनची स्थापना करणारा स्टीव्ह हॅरिसही बासवालाच. मागे उभं राहून वाजवायचं हे वाद्य कुणाला पुढेही आणू शकतं, हे त्या गर्दीतल्या कितीतरी पोरांनी डोळ्यांनी पाहिलं.

त्याआधीच्या पिढीला वाद्य मिळवणं हीच मोठी कामगिरी होती. परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक बंधनं होती. ती 1991 नंतर सैल होत गेली आणि परिमाणाची उरलीसुरली बंधनं 1 एप्रिल 2001 रोजी उठली. तोवर कुणाचा काका आखातातून येताना आणेल, कुणी जहाजावरचा वादक जुनं वाद्य विकून जाईल, याची वाट पाहायची. एक बास तीन-तीन बँडमध्ये फिरे. अ‍ॅम्प्लिफायर तर सभा-समारंभाच्या भोंग्याचाच! त्यात बास जोडली की कागदी पडद्याचा स्पीकर फाटायला वेळ लागत नसे. सदर पत्रप्पा रस्त्यावरच्या, म्हणजे सगळं शहर ज्याला एस. पी. रोड म्हणतं तिथल्या, दुकानांतून सुटे भाग आणायचे, जोडायचे, पुन्हा फाडायचे. आज दुकानात पाय ठेवला की भिंतभर वाद्यं टांगलेली दिसतात. नवशिक्याला चालेल अशी नवी बास साधारण 15 ते 25 हजारांत मिळते. वरच्या बाजूला आकड्याला अंत नाही.

विकणारा का विकतो?

बंगळूरचा खरा बाजार दुकानात भरत नाही. तो माणसामाणसांत चालतो, सरावाच्या खोलीत, कार्यक्रमानंतर रस्त्यावर उभ्याउभ्या, ओळखीतून ओळखीकडे. जुनी वस्तू घेणाऱ्याने तिची किंमत विचारण्याआधी ती विकायला का निघाली हे विचारावं, कारण कारणावर भाव ठरतो.

या शहरात घर भाड्याने घेताना दहा-दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून मागण्याची प्रथा फार जुनी. लग्न ठरलं, मोठं घर हवं, अनामत भरायची आहे, की पहिली नजर भिंतीवरच्या बासकडे जाते. परदेशी बदली झाली, तरी तेच. असा विक्रेता सहसा खरं बोलतो. त्याला वाद्य चांगल्या हाती जावं असं वाटत असतं. दोरी, कव्हर, जास्तीच्या तारांचा संच असं काहीबाही तो वर टाकतो आणि पुढे विकशील तर आधी मला विचार, अशी गळही घालतो. (मुलगी दिल्यासारखा हा थाट विकणाऱ्यांच्या गप्पांत फार दिसतो, आणि त्यात खोटं काही नसतं.)

दुसरा प्रकार म्हणजे सतत बदलणारे. यांना हातातली वस्तू कधीच पुरत नाही. आज एक घेतली, चार महिन्यांनी विकली, दुसरी आणली. पगार चांगला, वाजवायला वेळ नाही, मग वाजवण्याची हौस खरेदीवर भागवायची. अशांची थट्टा होते. पण नवशिक्याला यांच्यासारखा विक्रेता नाही. वस्तू जवळजवळ नवी असते, पावती जपलेली असते आणि विकायची घाई त्यांनाच असते.

तिसऱ्यापासून सावध राहावं. तो वाद्य दाखवत नाही, फोटो पाठवतो. भाव निम्मा सांगतो. 'आणखी दोघं मागतायत, आत्ता पाच हजार टाका, वस्तू ठेवतो' म्हणतो. पैसे गेले की फोन बंद. ठसकेबाज नावाची नक्कल खपवणाराही याच जातीचा. बासच्या डोक्यावर छापलेल्या नावाला काही अर्थ नाही. ते नाव चिकटवता येतं. क्रमांक कंपनीच्या नोंदीशी जुळतो का, मान जिथे अंगाला जोडलेली असते तिथली पट्टी आणि स्क्रू कसे आहेत, खुंट्या चारही एकाच घडणीच्या आहेत का, हे पाहावं. न वाजवता, विजेवर न लावता वाद्याचा सौदा करू नये. मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेला गवई भोपळ्यावर टिचकी मारतो, जवारी ऐकतो, आणि मगच दामाचं बोलतो. तिथे तर घडवणारा समोर बसलेला असतो, तरीही!

मान, तारा आणि पावसाळा

चार तारांचा मिळून ताण किती असावा? सुमारे 75 ते 80 किलो. एक धडधाकट माणूस दिवसरात्र त्या लाकडी मानेला लोंबकळतो आहे असं समजा. या ताणाला उत्तर म्हणून मानेच्या आत लोखंडी सळई घातलेली असते आणि ती किल्लीने कमी-जास्त आवळता येते. जुनी बास पाहताना जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरावी. मधोमध तार आणि पडदा यांच्यात पत्त्याच्या पानाएवढी फट असली तर मान ठीक. अंगठा जाईल एवढी फट असली, किंवा तार सगळीकडे चिकटली, तर सळई फिरवून भागतं का ते जाणकाराला विचारावं. सळई आधीच शेवटपर्यंत आवळलेली असेल तर नमस्कार करून बाहेर पडावं. मग प्रत्येक पडद्यावर स्वर वाजवून पाहावा, आवाजाची बटणं फिरवून खरखर ऐकावी. खरखर ही किरकोळ, फवाऱ्याने जाते. मानेला भेग गेलेली असली तर मात्र भाव पाडून घेण्याच्या मोहात पडू नये.

बंगळूरची हवा या बाबतीत कृपाळू. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरचं गाव, ना मुंबईचा घाम ना विदर्भाची होरपळ. तिथे वर्षभर सुतासारखी सरळ राहिलेली मान जूनमध्ये रत्नागिरीला किंवा दादरला आणली की फुगते, वाकते, तारांवर गंज चढतो. सुट्टीला घरी वाद्य आणणाऱ्या मुलांनी ते पेटीत ठेवावं, भिंतीला टेकवून नव्हे. आणि आईने ते पुसताना ओलं फडकं वापरू नये. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने तारा पुसल्या तरी पुष्कळ झालं.

लहान मुलांच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट. नेहमीच्या बासवर वाजणाऱ्या तारेची लांबी 34 इंच, म्हणजे 86 सेंटिमीटर असते आणि वजन चार किलोच्या आसपास. दहा-बारा वर्षांच्या मुलाची किंवा मुलीची बोटं त्यावर ताणली जातात. 30 इंची बास मिळते, ती मागावी. 'याच्या परीक्षा असतात का?' हा प्रश्न मराठी पालक विचारणारच, तर असतात. पाश्चात्त्य वाद्यांच्या परीक्षा घेणाऱ्या ट्रिनिटीसारख्या परदेशी संस्थांच्या बाससाठी आठ श्रेणींच्या परीक्षा भारतात देता येतात.

अ‍ॅम्प्लिफायर हा खरा खर्च

बास घेतली तरी नुसत्या लाकडातून आवाज निघत नाही, हे पुष्कळदा वाद्य घरी आल्यावर उमगतं. आणि मग 'घरात गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहेच की' म्हणून त्यात बास जोडली जाते. हळू आवाजात एकवेळ चालतं; आवाज वाढवला की स्पीकरचा पडदा ज्या हेलकाव्यासाठी बनलेला नाही त्या हेलकाव्यात सापडतो आणि फाटतो. माणसाचा कान खर्जाला मुळातच मंद. उंच स्वर जेवढ्या शक्तीत ठणठणीत ऐकू येतो, तेवढ्याच शक्तीत खर्ज पुटपुटल्यासारखा वाटतो. म्हणून गिटारवाल्याच्या 50 वॉटबरोबर उभं राहायला बासवाल्याला दोनशे-तीनशे वॉट लागतात. घरच्या सरावाला मात्र 20-30 वॉट आणि आठ-दहा इंची स्पीकर पुरे. शेजारधर्म पाळायचा तर कानाला लावायचे हेडफोन त्याहून बरे, तेही आवाज बेताचा ठेवून. कानाचं नुकसान दुरुस्त होत नाही.

अमेरिकेहून येणाऱ्या मित्राच्या सामानातून स्वस्तात अ‍ॅम्प्लिफायर मागवायचा बेत बंगळूरात दर महिन्याला कुठे ना कुठे शिजतो. तिथली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. मागच्या बाजूला व्होल्ट बदलायचं बटण आहे की नाही हे न पाहता खुपसलेला प्लग म्हणजे एक ठिणगी, थोडा धूर आणि हजारोंची राख. ट्रान्सफॉर्मर वापरायचा तर तो अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लिहिलेल्या वीजवापरापेक्षा चांगला मोठा हवा. कस्टमची सवलतमर्यादाही वेळोवेळी बदलते, ती आधी पाहून ठेवावी. काचेच्या वाल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करू नये. आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि बंद करून, प्लग काढूनही तो उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. भाड्याच्या जुन्या घरात अर्थिंग नीट नसेल तर तारेला हात लावताच झिणझिण्या येतात. त्या सोसायच्या नसतात, आधी वायरमनला बोलवायचं असतं.

वाजवायचं कुठे?

वाद्य आलं, अ‍ॅम्प्लिफायर आला, चार डोकी जमली. आता पुढचा प्रश्न शहराचा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. इंदिरानगरसारख्या भागात घरांच्या तळमजल्यांवर पब आले आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांची झोप उडाली. त्यांची तक्रार खोटी नव्हती. खर्ज भिंतीला जुमानत नाही हे वर आलंच आहे.

पण त्यावर जो बडगा उगारला गेला तो भलत्याच कामासाठी घडवलेला होता. बंगळूरात 'लाइव्ह बँड' या शब्दाला एक वेगळा वास आहे. बारमध्ये बायकांना नाचवण्याच्या धंद्याला तिथे हेच नाव पडलं होतं. त्याला आवर घालायला 2005 साली सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी पोलीस परवान्याचा आदेश निघाला. तो कज्जा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जानेवारी 2018 मध्ये न्यायालयाने आदेश कायम ठेवला. त्याच वर्षी पोलिसांनी तो सरसकट लावायला घेतला, तेव्हा जाळ्यात गिटारवाले आणि बासवालेही आले. परवान्यासाठी इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र मागितलं जाई, आणि शहरातल्या कितीतरी इमारतींकडे ते नव्हतंच. पबच्या मालकांनी सोपा मार्ग धरला: वादक नकोत, रेकॉर्ड लावा. शुक्रवार-शनिवारच्या वाजवण्यावर घर चालवणाऱ्या वादकांचं काय, याचं उत्तर आदेशात नव्हतं. नोकरी सांभाळून हौस करणाऱ्याला बास विकणं म्हणजे चुटपूट. पोटासाठी वाजवणाऱ्याने ती विकली तर तो दुकानच विकतो. दोन वर्षांनी 2020 ची टाळेबंदी आली, तेव्हा तर सगळेच मंच बंद झाले.

जुनी बास हाती घेणाऱ्याने तिच्या मानेवरची काळपट तपकिरी पट्टीही निरखावी. ज्यावर बोटं फिरतात ती पट्टी पुष्कळदा शिसवीची असते. फेंडरने 1959 पासून 'प्रिसिजन'वर ती बसवायला सुरुवात केली. आधी ती ब्राझीलची होती. 1960 च्या दशकापासून परदेशी गिटारवाल्यांनी भारतीय शिसवी जवळ केली. आजोळच्या पलंगाची, देव्हाऱ्याची जी शिसवी, तीच ही. सह्याद्रीच्या आणि कर्नाटकाच्या जंगलातली. तिचा व्यापार इतका वाढला की 2 जानेवारी 2017 पासून शिसवीच्या कुळातल्या सगळ्याच जातींवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. शिसवीची पट्टी असलेली बास परदेशी पाठवायची तर कागदपत्रं लागू लागली, आणि काही कंपन्यांनी लाकूडच बदललं. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती नोव्हेंबर 2019 च्या अखेरीस. म्हणजे पट्ट्या कापून बोटीने परदेशी गेलेलं शिसवीचं झाड चार तारा लावून, आयातकर भरून, बंगळूरच्या दुकानात परत येतं, आणि ते घेणारा पोरगा 'अस्सल विलायती' म्हणून चार हजार जास्त मोजतो.

सध्या या बाजारात सगळ्यांत स्वस्त काय पडतं, तर सगळ्यांत जड ते. अ‍ॅम्पेग कंपनीने 1969 साली तीनशे वॉटचा वाल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दहा इंची आठ स्पीकरांची पेटी काढली. मोठ्या मंचावर बासवाल्याच्या मागे फ्रीजसारखं जे उभं दिसतं ते हेच. नुसती पेटीच साठ किलोंच्या वर भरते. आता तेवढीच ताकद देणारे नव्या तंत्राचे अ‍ॅम्प्लिफायर दोन-तीन किलोंचे, दप्तरात मावणारे निघाले आहेत. त्यामुळे जुन्या पेट्यांचे मालक भाव उतरवत बसले आहेत. आवाजाच्या चाहत्याचा जीव तिच्यात अडकतो, तो बघायला येतो, वाजवून पाहतो, डोळे मिटतो. मग विक्रेत्याला विचारतो, 'तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे ना?'